दहावा शब्द

आम्ही पनवेल सोडलं तो रविवार होता. शुक्रवारच्या विमानाची तिकिटं मिळत होती, पण शब्बाथ, म्हणजे आमचा शनिवारचा विसाव्याचा दिवस, वाटेत लागेल म्हणून पप्पांनी ती घेऊ दिली नाहीत. गाडी आमच्या आळीत उभी होती, टपावर बॅगा बांधलेल्या. शेजारचे कासमचाचा ड्रायव्हरला पुन्हा पुन्हा बजावत होते की बाबा, सामान नाजूक आहे, आरामसे ने. नवरा दोऱ्या ओढून बघत होता, आणि थोरला डेव्हिड केव्हाच आत जाऊन बसला होता. पप्पा मात्र माझ्या धाकट्याला, रूबेनला, घेऊन दारातच थांबले होते. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद पुटपुटला, मग त्याची कॉलर सारखी केली, आणि ती सारखी झाल्यावरही करत राहिले. मला म्हणाले, "पोचलीस की कळव." रूबेनचं बार मित्झ्वा होऊन, म्हणजे आमच्यात मुलगा धर्माने मोठा होतो ते होऊन, जेमतेम दोन-चार महिने झाले होते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

तुम्ही जे अजून पनवेलला आहात, आणि जे माझ्यासारखे इकडे इस्रायलला, अश्दोदला, लोदला, दिमोनाला येऊन बसलात, त्यांना हे नव्याने सांगायला नको. पण आपल्या मुलांना सांगायला हवं. आपण बेने इस्रायल, कोकणातले ज्यू. प्रार्थना हिब्रूत, भांडणं मराठीत आणि शनिवारी दुपारी वालाचं बिरडं. प्रार्थनेच्या जागेला आता सगळे सिनेगॉग म्हणतात. पप्पांच्या वयाची माणसं सरळ मशीद म्हणायची. कासमचाचांची ती त्यांची मशीद, आमची ती आमची. त्यात कुणाचा कधी घोटाळा झाला नाही.

पप्पा एसटीत फिटर होते. आठवडाभर काळे हात. शुक्रवारी दुपारी मात्र चिंचेने नि राखेने हात घासून आमच्या त्या मशिदीत जायचे, कुलूप उघडायचे आणि टांगलेल्या हंड्यांमध्ये खोबरेल तेल घालायचे. तेल आमच्याच घरचं असायचं असं नाही. कुणाचं मूल आजारातून उठलं, कुणाची सून सुखरूप सुटली की कोळणी, आगरणीसुद्धा तेलाची बाटली आणून द्यायच्या. "दिव्यात घाला हो बाबा," एवढंच सांगून पायरीवरूनच परतायच्या. कुठल्या देवाचा दिवा हे कुणी विचारायचं नाही. लग्नाची मेंदी, एलिया हन्नबी या आमच्या पैगंबराचा मलिदा, सणाचा चिकाचा हलवा कुणाकडे घट्ट झाला नि कुणाकडे पातळ, कोणाची मुलगी कुणाला दाखवायची, सगळं त्या एका अंगणात. आम्ही बायका वर सज्जात बसायचो. खाली प्रार्थना चाललेली असायची आणि वर निम्म्या पनवेलची खबरबात.

पण शनिवारी सकाळी एक वेळ अशी यायची की सज्जातसुद्धा सगळ्या गप्प व्हायच्या. माणसं पुरी आहेत का हे बघायची वेळ.

आपल्यात बार मित्झ्वा झालेले दहा पुरुष जमल्याशिवाय हेखाल, म्हणजे तोरा हा आपला धर्मग्रंथ ठेवलेलं ते पवित्र कपाट, उघडत नाहीत. गेलेल्यांसाठी म्हणायचा कद्दीशही म्हणत नाहीत. आणि माणसांना एक-दोन-तीन असं मोजायचं नसतं, नजर लागते. म्हणून एक दहा शब्दांचं वचन आहे. पप्पा बाकांमधून हळूहळू चालत जायचे आणि प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून त्यातला एकेक शब्द म्हणायचे. वचन पुरं झालं की माणसं पुरी. मग कपाटाचा पडदा सरकायचा आणि सज्जातल्या आम्ही पुन्हा सुरू व्हायचो. वचन मध्येच तुटलं, की पप्पा तिथंच उभे राहून दाराकडे बघायचे.

माझ्या लहानपणी वचन तुटलेलं मी कधी पाहिलं नाही. माणसं इतकी असायची की ते दोनदा पुरं होऊन उरायचं. मग एकेक घर निघत गेलं. कुणी ठाण्याला, बहुतेक इस्रायलला. प्रत्येकाच्या निरोपाचा मलिदा पप्पांनीच केला. पोहे गुळाखोबऱ्यात कालवायचे आणि एलिया हन्नबीला म्हणायचे, यांना सुखरूप पोचव. एकदा हात धुता धुता मला म्हणाले, "मी माझ्याच हाताने मशीद रिकामी करतोय बघ." मी हसले होते.

शेवटी शेवटी तर खांदा कॉलनीतल्या दोघांना आणायला रिक्षा लागायची. शब्बाथला वाहनात बसायचं नसतं. म्हणून ते दोघे कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्यापाशी उतरायचे आणि तिथून अगदी सावकाश, धार्मिक चेहऱ्याने चालत यायचे. पप्पांना सगळं ठाऊक होतं. ते त्या वेळेला दिव्याच्या वाती बघत बसायचे. "डोळे मिटून दूध पिणारी मांजर मीच," असं स्वतःच म्हणायचे.

अशा दिवसांत रूबेन मोठा होत होता. माझा नवरा, डेव्हिड आणि पप्पा धरून माणसं नवापर्यंत यायची आणि वचन शेवटच्या शब्दाशी अडायचं. पप्पा रूबेनच्या वाढदिवसाची वाट बघत होते, आंबा उतरायची बघतात तशी. त्याला रोज शाळेनंतर बसवून तोऱ्यातला त्याचा भाग घोकून घेतला. ज्या शनिवारी त्याने तो वाचला, त्या दिवशी पप्पांनी दहावा शब्द त्याच्या खांद्यावर हात ठेवून इतक्या मोठ्याने म्हटला की वर सज्जात माझी मावशी रडायला लागली. मीही रडले. आमचे इस्रायलचे कागद तेव्हा तयार होते. पप्पांना ते माहीत होतं.

मुलांसाठी गेलो, असं मी सगळ्यांना सांगते आणि ते खरं आहे. नवऱ्याची कंपनी बंद पडली होती, डेव्हिडचं शिक्षण पुढं होतं. आई दोन वर्षांपूर्वी गेली होती. पप्पांना मी म्हटलं, तुम्हीही चला, इथं एकटे राहून काय करणार. ते म्हणाले, "तुम्ही तिघं कमी होणार. मी आलो तर चौथा." माझं नाव त्यात नव्हतं. बाईची गणती त्या दहांत कधी नसतेच. पण गंमत बघा, जायचं ठरवलं मी आणि कमी झाले ते तिघे.

अश्दोदला आमच्या एका रस्त्यावरच तीन सिनेगॉग आहेत. एक आपल्या लोकांचं, तिथं मलिदाही होतो, पोह्यांच्या जागी काय मिळेल ते घालून. माणसांचा तुटवडा नाही. दारात उभं राहून हाक मारली तर दोन मिनिटांत वीस येतील. मी उलपानमध्ये जाऊन हिब्रू शिकले, वृद्धाश्रमात नोकरीला लागले. तिथल्या मोरोक्कोच्या, रशियाच्या म्हाताऱ्यांना अंघोळी घातल्या, आणि दर अंघोळीला पनवेलला पप्पांची पाठ कोण चोळत असेल असं मनात आलं. बेसेदेर, बेसेदेर म्हणत दिवस काढायला शिकले. ठीक आहे, ठीक आहे. मुलं माझ्याआधी इथली झाली. आणि इथं, या देवाच्या देशात, माझी मुलं शनिवारी अकरापर्यंत झोपायला लागली. मी उठवायला गेले की रूबेन पांघरुणातून म्हणायचा, "इम्मा, माझ्यावाचून काय अडलंय त्यांचं?" खरंच काही अडलेलं नव्हतं. मी दार ओढून घ्यायची.

शब्बाथ संपला की पप्पांचा फोन यायचा. सुरुवातीला ठरलेलं एक वाक्य. "आज झालं," किंवा "आज नाही झालं." मग तब्येत, मग कासमचाचांच्या गुडघ्याचं ऑपरेशन, मग नव्या विमानतळाच्या गप्पा. पुढेपुढे "नाही झालं" जास्त व्हायला लागलं. नंतर ते वाक्यच ते गाळायला लागले, आणि मीही विचारायचं सोडून दिलं.

आईच्या वर्षश्राद्धाला मात्र ते सोडायचे नाहीत. ठाण्याला, पेणला, अलिबागला फोन करकरून माणसं जमवायचे. एका वर्षी दुपारीच त्यांचा फोन आला. पेणचा माणूस तापाने पडला होता, कद्दीश अडला होता. "रूबेन घरी आहे का? त्याला टोपी घालून व्हिडिओवर बसव." शनिवार नव्हता, फोनला हरकत नव्हती. रूबेन तेव्हा सैन्यात जायच्या आधीचा, घरात लोळत होता. कुरकुर न करता टोपी घालून बसला. तिकडे संध्याकाळ झाली होती. कुणीतरी फोन बाकावर उभा करून ठेवला. मी मागून बघत होते. पप्पा एकेका खांद्याला हात लावत आले, नऊ शब्द झाले, मग ते वाकले आणि त्यांचा तळवा सगळ्या पडद्यावर आला. अंधारातून दहावा शब्द ऐकू आला. मग कद्दीश. त्या वर्षी आणि पुढच्याही वर्षी असंच झालं.

सैन्यात रूबेनने तिथल्या एका रब्बीला, धर्मगुरूला, सहज विचारलं. ते म्हणाले, हे चालत नाही. दहाजण एका जागी, एका छपराखाली हवेत. फोनवरचा माणूस आमेन म्हणू शकतो, दहावा होऊ शकत नाही. इथल्या मुलांना गोष्ट पोटात ठेवायची सवय नाही. सुट्टीत घरी आल्यावर त्याने आजोबांना फोन लावून सांगूनच टाकलं की साबा, आजीचा कद्दीश झालेलाच नाही, दोन्ही वर्षं. मी स्वयंपाकघरातून धावत आले, पण तोवर बोलून झालं होतं.

पप्पा म्हणाले, "मला ठाऊक होतं, बाळा. तुझ्या बापाच्या जन्माआधीपासून ठाऊक आहे. पण शेवटचा शब्द कुणाच्या तरी अंगावर ठेवायचा होता रे. नुसता हवेत कसा सोडू?"

रूबेनला मराठी सगळी कळते. त्याने फोन माझ्या हातात दिला आणि बाहेर गेला. मला वाटलं होतं, रागावला. गॅलरीतून बघितलं तर खाली पायरीवर गुडघ्यांत डोकं घालून बसला होता.

पप्पा गेले ते गेल्या वर्षी, सणांच्या आधी. कासमचाचांच्या मुलाचा फोन आला. आमच्यात मृताला थांबवून ठेवत नाहीत. मी आणि रूबेन पोचलो तोवर माती झाली होती. डेव्हिडला रजा नव्हती, नवऱ्याचं हृदयाचं दुखणं. मशिदीच्या किल्ल्या सॅम्युएल काकांकडे आल्या होत्या. हे पप्पांचे एसटीतले सोबती, आता त्यांना नीट दिसत नाही. शनिवारी आम्ही गेलो. पप्पांसाठी ठाण्या-पेणची माणसंही येऊन राहिली होती. वर सज्जात मी एकटीच होते. खबरबात द्यायलाही दुसरं कुणी नव्हतं. खाली सॅम्युएल काका चाचपडत बाकांमधून आले, खांदा हाताला लागला की शब्द म्हणत. शेवटचा रूबेनवर आला. पडदा सरकला. पप्पांसाठीचा कद्दीश माझ्या मुलाने म्हटला, स्वच्छ, इस्रायली उच्चारांत. मला पप्पांची मोडकीतोडकी कोकणी हिब्रू ऐकायची होती. ती आता कुठंच उरलेली नाही, आणि पप्पांनी किती वेळा शिकवतो म्हटलं तरी मी शिकून घेतली नाही.

प्रार्थना संपली की आपल्यात एकमेकांच्या हाताला हात लावून बोटं ओठांना लावतात. सॅम्युएल काकांनी रूबेनचा हात घेतला तो सोडलाच नाही. मी जिन्यावरून उतरत होते. काका सांत्वनाचं काहीतरी बोलतील असं मला वाटलं. त्यांनी विचारलं, "किती शनिवार आहेस?"

रूबेन म्हणाला, "हा एकच, अंकल. मंगळवारी फ्लाइट."

"बरं," काका म्हणाले. बाकीचे तोवर चपला शोधायला लागले होते. मला कुणी काही विचारलं नाही. मी महिनाभर राहणार होते, आणि राहिले. घर आवरलं, भांडी वाटली. त्या महिन्यातल्या पुढच्या एकाही शनिवारी वचन पुरं झालं नाही. मी वर सज्जात बसून ते तुटताना ऐकलं, प्रत्येक वेळी.

इकडे मला लोक विचारतात, इतकी वर्षं झाली, आता घर कुठलं समजतेस? पूर्वी मी दोन्ही म्हणून वेळ मारून न्यायची. आता मला उत्तर माहीत आहे आणि ते मला आवडत नाही. जिथं आपण किती शनिवार आहोत हे कुणाला तरी जीव मुठीत धरून विचारावं लागतं, ते आपलं घर. त्या हिशेबाने माझ्या रूबेनचं घर पनवेलला आहे. तो अश्दोदला राहतो, आणि अजूनही शनिवारी अकरापर्यंत झोपतो.