आईच्या मातीला आलेली माणसं

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. दवाखान्यात नव्या जागा निघाल्या, त्यात मला नर्सची नोकरी लागली. नायगावकडच्या शाळेत मास्तरीण म्हणून जन्म काढलेली माझी आई मग माझ्याकडे राहायला आली. शेजारी एका लिंगायत अप्पांचं किराणा दुकान होतं, मागे त्यांचं घर. आम्ही ख्रिस्ती, गावात नवख्या. ओळख म्हणावी तर त्यांचीच.

ते दुष्काळाचं वर्ष. चार-चार दिवसांनी टँकर यायचा.

उन्हाळ्यातल्या एका सकाळी आई चहा पिता पिताच गेली. दवाखान्यात कितीतरी मयतं मी आवरलेली. पण तिचे डोळे मिटले आणि माझे हात चालेनात. आंघोळ घालायची तर घरात अर्धी बादली पाणी. तेवढ्यात अप्पांच्या बायको, ज्यांना मी अक्का म्हणायची, भरला हंडा घेऊन आत आल्या. टँकर दोन दिवसांनी यायचा होता, हे दोघींनाही ठाऊक होतं.

"माईचे केस मी धुते," एवढंच त्या म्हणाल्या.

बाहेर अप्पांनी विचारलं, "सिस्टर, तुमच्यात काय-काय लागतं ते सांगा. मला सगळं म्हाईत न्हाई. पर आमच्यातबी जाळत न्हाईत, पुरतेतच की."

त्या एका वाक्यानं मला केवढा धीर आला! मी सांगितलं, पेटी लागेल, खड्डा लागेल, आणि चर्चच्या पाळकसाहेबांना निरोप धाडावा लागेल.

दुकानाला कुलूप लावून ते निघाले. थोड्या वेळानं पेटी करणारा मिस्त्री आला. त्यानं दारात चपला काढल्या, हात जोडले आणि आईला कुठंही हात न लावता सुतळीनं माप घेतलं. दुपारी पेटी आली. मी आतून हात फिरवला. फळ्या बाहेरच्यासारख्याच रंधा मारून गुळगुळीत केलेल्या.

"आतून एवढं कशाला केलंत?" मी विचारलं.

"माई आतच ऱ्हाणार ना," तो म्हणाला.

खड्ड्याचंच अवघड झालं. खोदणारी सगळी माणसं शिवारात विहिरींचे तळ खोल करायला गेलेली. अप्पांनी एका मळ्यातून दोघांना विनवून आणलं. आम्ही कब्रस्तानात पोचलो तेव्हा कमरेइतका खड्डा झाला होता आणि खाली खडक लागला होता. ऊन मी म्हणत होतं. पाळकसाहेब हळूच म्हणाले, "राहू द्या आता. एवढ्यावर भागेल."

दोघांतला थोरला पहारीवर हात ठेवून उभा राहिला. "न्हाई साहेब. छातीइतका पायजेच. कुत्री लई झालीत हिकडं. म्हातारीला कुणी उकरलं तर?"

आम्ही लिंबाखाली थांबलो. तासभर खडकावर घण पडत होते. मग चौघांनी दोर धरून पेटी सोडली. ती जराही कलली नाही. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. चर्चच्या मंडळीतले पाच-सहाजण होते, त्यांच्याबरोबर मी आईच्या आवडीचं गीत म्हणायला लागले आणि दुसऱ्याच ओळीला मला पुढं म्हणवेना. बाकीच्यांनी ते पुरं केलं. ते संपेस्तोवर अप्पा टोपी हातात घेऊन उभे होते. खोदणाऱ्यांनीही डोईची मुंडाशी काढलेली.

माती लोटून झाल्यावर थोरल्यानं फावडं बाजूला टाकलं आणि गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी ढिगाऱ्याच्या कडा सारख्या केल्या.

अप्पांना, अक्कांना, मिस्त्रीला मी पुढं घरी जाऊन भेटले, जमेल तसं बोलले. खोदणारे ते दोघं मात्र हात झटकून लगोलग आपल्या विहिरीकडं निघून गेले होते. मी त्यांची नावं विचारली नाहीत. ते अजून मनाला लागून आहे.