मीटरबाईंचा पाईप

मीटरबाईंना नोटीस पाठवायची हिंमत पाणीखात्याने केली, हेच गल्लीला खरं वाटेना. तीस वर्षं ज्या बाईंनी दारोदार फिरून मीटरचे आकडे टिपले, "तुमचं पाणी जमिनीत मुरतंय, डोळे उघडा जरा" असं भल्याभल्यांना सुनावलं, त्यांच्याच दारावर कागद चिकटला: जमिनीखालची गळती आठ दिवसांत बंद करा, नाहीतर जोडणी तोडण्यात येईल. खाली सही होती बाईंच्याच हाताखाली शिकलेल्या माणसाची.

"सही तरी सुधारली मेल्याची," म्हणत बाईंनी कागद घडी करून डब्याखाली सरकवला.

गळती होती, हे मात्र खोटं नव्हतं. घरातले सगळे नळ बंद केले तरी मीटरमधलं बारीक चाक आपलं फिरतंच होतं. मीटर फाटकाशी, स्वयंपाकघर मागच्या टोकाला, आणि मधल्या अख्ख्या अंगणाला फरशी. त्या फरशीखाली पाईप कुठेतरी फुटला होता.

मुलाला निमित्तच हवं होतं. तो आणि सून सातव्या मजल्यावर राहत, आणि एकाहत्तर वर्षांच्या आईने एकटीने राहणं त्याला बघवत नसे. "तोडू दे की जोडणी. घराला कुलूप लावू, तू आमच्याकडे ये," तो म्हणाला. मुलगा वाईट नव्हता. फक्त तो असं बोलायला लागला की वाटे, आईला नव्हे, एखादं कपाट हलवायचंय. जन्मभर दुसऱ्यांच्या दारात उभं राहून काम केलेल्या बाईला आता स्वतःचं दार सोडायचं नव्हतं. एवढी साधी गोष्ट, पण त्याच्या डोक्यात काही केल्या शिरत नव्हती.

शेवटी ठरलं. बाईंनी जागा दाखवायची आणि प्लंबरने तिथे खोदायचं. गळती सापडली तर उत्तम, नाहीतर बाईंनी मुकाट्याने सामान बांधायचं. बाई ताडकन म्हणाल्या, "कबूल!"

फाजील आत्मविश्वास, दुसरं काय! पाचव्या दिवशी सकाळी बाईंनी माळ्यावरून आपला जुना लोखंडी गज काढला. गजाचं एक टोक जमिनीवर, दुसरं कानाला. खाली पाणी सुटत असेल तर आवाज गजातून वर येतो. नोकरीत असताना बाईंनी अशा कितीतरी गळत्या पकडल्या होत्या. सवयीने त्यांनी गज उजव्या कानाला लावला. काहीच ऐकू आलं नाही. येणार कुठून? तो कान दोन वर्षांपूर्वीच गेला होता. ही गोष्ट त्यांनी कुणाला, मुलाला तर अजिबातच, कळू दिली नव्हती. आता सगळ्यांच्या डोळ्यांदेखत कान बदलला असता तर बिंग फुटलं असतं. म्हणून बाईंनी अंदाजाने पायरीजवळ बोट दाखवलं. "इथे."

प्लंबरने फरशी उचकटली, हातभर खोल खणलं. आत कोरडी ठणठणीत माती.

"आई, बस झालं आता," मुलगा म्हणाला. त्याचा आवाज मऊ होता, आणि त्या मऊपणानेच बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

डावा कान लावायची सोय नव्हतीच. तेवढ्यात त्यांना खात्यातला बहिरा फिटर आठवला. दोन्ही कान गेलेला माणूस गज दातांत धरून गळती शोधायचा. सगळे त्याला हसत. बाईही हसल्या होत्या, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आता त्यांना स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी रुमाल काढला, गजाच्या टोकाला गुंडाळला आणि ते टोक घट्ट दातांत धरलं. दात अजून सगळे स्वतःचे होते.

"आई! हे काय चाललंय?"

तोंडात गज असल्यामुळे उत्तर देता आलं नाही, हे बरंच झालं. बाई फाटकापासून वीत-वीत पुढे सरकू लागल्या. प्लंबर खोकण्याचं नाटक करून हसू लपवत होता. कुंपणावरून शेजारीण बघत होती. बघू दे! मोरीच्या अलीकडे, डाव्या भिंतीलगत, जबड्यात एकाएकी बारीक गुणगुण सुरू झाली. बाईंनी गज उचलला, पुन्हा टेकवला. तीच गुणगुण, थेट कवटीपर्यंत.

"खोद इथे," त्या म्हणाल्या.

फरशी उचलताच माती लगद्यासारखी निघाली. खाली गंजून चाळण झालेला पाईप होता आणि त्यातून पाण्याची धार उसळत होती. प्लंबरने धावत जाऊन मीटरजवळचा कॉक बंद केला.

"पण दातांनी कशाला?" मुलाने विचारलं.

"उजवा कान गेलाय माझा. दोन वर्षं झाली," बाई सरळ म्हणाल्या. "तू आणखी घाबरशील म्हणून बोलले नाही. तेवढं चुकलंच माझं. पण गळती मीच शोधली ना?"

प्लंबर चिखलातून वर आला. "एवढाच तुकडा बदलतो, मावशी. वर्ष-दीड वर्ष निघेल. तोवर तुमचंही काय ते ठरेल."

"माझं ठरलंय! फाटकापासून स्वयंपाकघरापर्यंत सगळा पाईप नवीन टाक. तो काळा, प्लास्टिकचा. किती टिकतो रे?"

"पन्नास वर्षं तरी बघायला नको."

मुलाच्या तोंडून निघून गेलं, "पन्नास वर्षं? आई, तोवर इथे राहणार कोण?"

"मी," बाई म्हणाल्या, आणि पुढची फरशी उचकटायला त्यांनी पहार त्याच्या हातात दिली.