दोनशे बारा पत्त्यांची गड्डी

शिंप्याने आयुष्यात कधी चिंधी टाकली नाही. त्याच्या दुकानातल्या पोत्यांत कापडाचे तुकडे असे दाबून बसलेले असत, की हात घालावा आणि कुणाच्या तरी लग्नातला कोट बोटांना लागावा. हीच खोड त्याला पत्त्यांतही नडली.

वह्यापुस्तकांच्या दुकानामागच्या खोलीत दर शनिवारी दुपारी योद्ध्यांच्या पत्त्यांचे सामने रंगत. आपली गड्डी आपणच बांधायची, निदान चाळीस पत्त्यांची. जास्तीत जास्त किती, हे कुणी लिहूनच ठेवलं नव्हतं. खेळता खेळता ज्याची गड्डी संपली, तो हरला. बाकीचे मोजून चाळीस ठेवत आणि नको ते पत्ते डब्यात टाकत. शिंपी डबा उपसून घरी नेई. त्याची गड्डी दोनशे बारांवर गेली होती. ती पिसायला बायको मदतीला लागे.

"शिंपीदादा, उपटा हो," दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणत. "किडका तेवढा काढून टाकावा."

"बाई, आज ना उद्या कामाला येतो."

"सात हंगाम झाले. तुमचा उद्या उजाडायचा कधी?"

हे वर्मी लागे. कारण हंगामाच्या विजेत्याला मिळणारा भरतकामाचा बिल्ला शिंपीच शिवून देई. सात शिवले, सातही दुसऱ्यांच्या छातीवर गेले. स्वतःसाठी एक शिवणं अवघड नव्हतं, पण आपल्याच हाताने आपली पाठ थोपटणाऱ्यांतला तो नव्हता. आठवा मात्र त्याने रागारागात, कसाबसा उरकला. तो बाईच नेणार, हे ठरलेलंच होतं.

त्या हंगामात डब्यात भिंतीचे पत्ते फार पडले होते. भिंत हल्ला करत नाही, नुसती आडवी येते. म्हणून कुणाला नको होती. शिंप्याने सगळ्या घेतल्या. एकेक गडी त्या भिंतींवर डोकं आपटून दमला, आणि शिंपी चक्क अंतिम सामन्यात बाईंसमोर बसला.

बाईंनी योद्धा काढला; शिंप्याने भिंत. दुसरा योद्धा, दुसरी भिंत. चहा येऊन निवून गेला.

"अहो, आणखी किती आहेत?"

"मोजल्या नाहीत."

शेवटी बाईंनी पत्ता उचलायला हात नेला, तो रिकाम्या टेबलावर पडला. शिंप्याची गड्डी अजून विटेएवढी उभी होती.

दुकानदाराने बिल्ला त्याच्या शर्टाला टाचला. बाईंनी चष्मा लावून तो जवळून पाहिला.

"दादा, टाके उसवतायत की! चांगल्या शिंप्याकडून नीट करून घ्या."

शिंप्याने छाती हलू दिली नाही. "आहे एक ओळखीचा," तो म्हणाला, "पण मेला वेळेवर देत नाही."