दहा खेळांचं यंत्र आणि आमचा सेट

आमच्या घरात इंग्रजी फक्त मला येत होतं आणि त्याचे परिणाम सगळ्या घराला भोगावे लागले.

मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, इंग्रजी विषय घेऊन. (घेतला होता. आला होता असं मी म्हणत नाही.) माझे वडील, म्हणजे आमचे अप्पा, सोलापुरात टेलर होते. कोट शिवण्यात त्यांचा हात धरणारं आमच्या पेठेत कुणी नव्हतं. त्या उन्हाळ्यात दुकानात एका गिऱ्हाइकाच्या खांद्याचं माप घेता घेता ते खाली बसले आणि त्यांना परत उठता येईना. अर्धांगवायू. महिन्याभरात पाय सावरला, बोलणंही बरंचसं परत आलं, पण उजवा हात काही केल्या ऐकेना.

डॉक्टरांनी रबरी चेंडू दिला. रोज शंभर वेळा दाबायचा. अप्पांनी तो पहिल्या दिवशी दाबला, दुसऱ्या दिवशी नुसता बघितला आणि तिसऱ्या दिवशी डाव्या हाताने खिडकीबाहेर फेकला.

"मी काय लहान पोर हाय व्हय, चेंडू खेळायला?"

त्यानंतर ते भिंतीकडे तोंड करून पडायला लागले. दुकानाला कुलूप होतं. ते कधी उघडायचं हे विचारायचं धाडस ना आईला होत होतं, ना मला.

अशात महादेवीआत्याचं पत्र आलं. आत्या, अप्पांची धाकटी बहीण, कुवेतला नर्स होती. तिच्या दवाखान्यात असाच हात गेलेला एक पेशंट होता. त्याच्या मुलाने त्याला खेळाचं एक विजेरी यंत्र आणून दिलं होतं. त्याची खुंटी फिरवत तो तासन् तास बसायचा, आणि हात सुधारला होता! आत्याने लिहिलं होतं, 'इथे दुकानात दोन प्रकार आहेत. स्वस्तातल्यात चार खेळ आहेत. दुसरं जास्त ताकदीचं, जवळजवळ दुप्पट किमतीचं. त्यात दहा खेळ, तेही रंगीत, खुंट्या वेगळ्या लांब वायरीवर, आणि सोबत एक बंदूक. दोन्ही घरातल्या सेटला जोडावी लागतात. माहितीपत्रक पाठवते आहे. आपल्याकडच्या सेटला चालेल का ते इंग्रजी नीट वाचून बघ आणि कोणतं पाठवू ते कळव.'

आमच्या घरात सेट एकच होता. लाकडी पेटीचा, तीन बँडचा रेडिओ. अप्पांनी तो मोठ्या हौसेने घेतला होता, आणि 'सेट लाव', 'सेट बंद कर' असंच आम्ही म्हणायचो. मुंबई-पुण्याला टीव्ही आलाय हे ऐकून होतो, पण माणूस चंद्रावर गेल्याचंही ऐकून होतोच की!

घरात सभा भरली.

"स्वस्तातलंच सांग," आई म्हणाली. "चार खेळ बास झाले. दहा खेळायला काय दहा हात हायत त्यांना?"

"अगं पण दुसरं पॉवरफुल आहे! रंगीत आहे!"

"पॉवर जास्त म्हंजे लाइट जास्त जाळणार."

"सेलवर चालतं ते. आणि त्याला बंदूक पण आहे."

"बंदूक? आजारी माणसाच्या हातात बंदूक? साकु!" (म्हणजे पुरे! आई मैंदर्गीची. संताप मराठीत मावेनासा झाला की ती कानडीत शिरायची.)

"मला एकबी नको," भिंतीकडून आवाज आला.

हा वाद आठवडाभर चालला. मला दहा खेळांचंच हवं होतं, आणि अप्पांच्या हाताशी त्याचा फारसा संबंध नव्हता, हे आज कबूल करायला हरकत नाही. मी माहितीपत्रक घेऊन बसले. सेट हा शब्द ओळखीचा होता. एरियल ओळखीचा होता, आमच्या रेडिओची एरियल चांगली गच्चीपर्यंत गेली होती. अडलं ते 'स्क्रीन'पाशी. डिक्शनरीत अर्थ सापडला : पडदा, आडोसा.

"खेळ पडद्यावर दिसतो," मी जाहीर केलं. "सिनेमासारखा."

आई पुढे सरकून बसली. अप्पांची पाठसुद्धा किंचित हलली.

"मग पडदा ते देतात का?" आईने विचारलं.

पत्रकात पडदा देण्याबद्दल एक अक्षर नव्हतं. "पडदा आपला आपण लावायचा," मी शांतपणे म्हणाले. उच्च शिक्षणाने माणसाला अशी शांतता येते!

मी आत्याला उत्तर धाडलं : आपला सेट उत्तम आहे. मोठंच पाठव.

दोन महिन्यांनी आत्याची एक मैत्रीण गुलबर्ग्याला जाताना सोलापूर स्टेशनवर गाडीच्या खिडकीतून खोकं देऊन गेली. ते मी घरापर्यंत छातीशी धरून आणलं. रविवारचा मुहूर्त ठरला. आईने ठेवणीतली पांढरी चादर धुऊन, निळीत घालून, कडक इस्त्री केली. अप्पा ज्या भिंतीकडे तोंड करून पडायचे त्याच भिंतीवर मी ती ठोकली, म्हणजे त्यांना सुटका नाही. चादरीची एक चुणीसुद्धा राहू दिली नाही. बातमी गल्लीत पसरली होतीच. दहा वाजेपर्यंत खोलीत पंचवीस माणसं, पुढे लहान मुलं, मागे बायका, दारात चपलांचा ढीग. सगळे पडद्याकडे तोंड करून बसले. सतरंजी कमी पडली म्हणून शेजारून आणली.

आणि यंत्राची वायर रेडिओत जाईना.

मी इकडून घातली, तिकडून घातली. शेवटी पलीकडच्या गल्लीतल्या नजीरचाचांना बोलावलं. ते रेडिओ दुरुस्त करायचे. चाचांनी चष्मा लावला, वायर बघितली, खोकं उलटसुलट केलं.

"बेटी, ये वायर टीवी में जाती. टीवी किदर है?"

"चाचा, सेट हा काय इथे आहे की."

"ये तो रेडू है."

"पण... पडदा लावलाय ना," मी म्हणाले.

चाचांनी पडद्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा पडद्याकडे. फार सज्जन माणूस!

"पडदा भोत अच्छा है," ते म्हणाले.

मागून एका आजींनी विचारलं, "मग सुरू कवा हुतंय?" आईने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत मराठीही नव्हती आणि कानडीही नव्हती. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. गल्लीसमोर फजिती झाली ती झालीच. पण आत्याने परदेशात रात्रपाळ्या करून पाठवलेली वस्तू माझ्या शहाणपणापायी फुकट गेली होती, आणि अप्पांच्या हातावरचा एक इलाज मी घालवून बसले होते.

तेवढ्यात कॉटवरून विचित्र आवाज आला. घशात काहीतरी अडकल्यासारखा. आई "अगं बाई!" म्हणत धावली. मला वाटलं, दुसरा झटका.

अप्पा हसत होते.

चेहऱ्याची एकच बाजू हसत होती, कारण दुसरी अजून सावरली नव्हती. डोळ्यांतून धारा लागलेल्या आणि खांदे हलत होते. दुकान बंद झाल्यापासून आम्ही त्यांना हसताना बघितलं नव्हतं.

"आठ दिवस..." ते अडखळत म्हणाले, "आठ दिवस भांडलात दोघी... रंगीत पायजे म्हणून!"

मग सगळी खोलीच खो खो हसत सुटली. आई हसता हसता खाली बसली. मी रडतच हसले.

चाचांनी, निदान यंत्र चालू आहे का बघू म्हणून, त्यात सेल घातले आणि दहा खेळांच्या बटणांतलं एक दाबलं. आतून आवाज आला. टुक. टोक. टुक. मग एकदम लांब टूंऽऽ. यंत्राला स्वतःचाच छोटा स्पीकर होता. दिसत काही नव्हतं, पण आत खेळ चालू होता!

अप्पा कान देऊन ऐकत होते. शिवणयंत्राच्या आवाजावरून दोरा कधी तुटणार ते सांगणारा माणूस तो.

"आन हिकडं ती खुंटी," ते म्हणाले.

वायर लांब होती म्हणून खुंटी कॉटवर पोचली. अप्पांनी डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं एकेक करून तिच्यावर ठेवली. बोटं घसरली. परत ठेवली. मनगट थरथरत इंचभर फिरलं. टोक... टूंऽऽ. परत. टोक... टूंऽऽ. परत. लोक कंटाळून उठले, चपला शोधत गेले. अप्पा फिरवतच होते. किती तरी वेळाने एकदा आवाज आला : टुक.

"लागला!" अप्पा म्हणाले. "बारीक आवाज म्हंजे चेंडू आपल्याला लागला. जाड म्हंजे भिंतीला. लांब म्हंजे गेला."

दुसरी खुंटी मी घेतली. रोज दुपारी कॉलेजातून आले की आम्ही दोघं शेजारी शेजारी बसून, कोऱ्या चादरीकडे बघत खेळायचो. (चादर काढू दिली नाही त्यांनी. "ऱ्हाऊ दे, बरं वाटतं.") एखाद्या दिवशी एकही चेंडू लागायचा नाही, मग अप्पा खुंटी आदळून चादरीकडे पाठ करायचे आणि संध्याकाळपर्यंत वळायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र मी यायच्या आत सेल घालून तयार!

मी आत्याला सगळं खरं कळवलं. तिचं उत्तर एका ओळीचं आलं : 'तुला इंग्रजी शिकवतं कोण?'

दिवाळीला अप्पांनी सदऱ्याची गुंडी स्वतः लावली. एकच गुंडी, पण आईने देवापुढे साखर ठेवली. संक्रांतीनंतर त्यांनी कात्री धरली आणि उशीचा अभ्रा कापला. तो वाकडा होता. त्यांनी तो बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "उद्या सरळ येईल." दुसऱ्या दिवशी आला नाही. महिन्याने आला. कोट त्यांच्याच्याने पुन्हा झाले नाहीत, पण पायजमे आणि शाळेचे गणवेश झाले. दुकानाचं कुलूप निघालं.

पुढे काही वर्षांनी सोलापुरात टीव्ही आला आणि एकदाचा आमच्याही घरी आला. नजीरचाचांनीच यंत्र जोडलं. अप्पांनी नेहमीचं तेच बटण दाबलं. पडद्यावर एक भिंत, एक ठिपका आणि एक छोटी पट्टी दिसली. अप्पांनी खुंटी फिरवली, पट्टी वर-खाली झाली. मी माझी फिरवली. काहीच झालं नाही. आणखी जोरात फिरवली. ठिपका मजेत अप्पांच्या पट्टीवरून भिंतीवर आणि भिंतीवरून पट्टीवर जात होता.

चाचांनी बटणावरचं चित्र बघितलं. "बेटी, ये अकेले का गेम है. तेरी खुंटी इसमें चलतीच नै."

मी खुंटी खाली ठेवली. आता सांगूनच टाकते : ते सगळे महिने अप्पांचा उत्साह टिकावा म्हणून मी रोज मुद्दाम हरत होते, आणि या त्यागाबद्दल आईजवळ, मैत्रिणींजवळ आणि एकदा पत्रातून आत्याजवळही बोलून झालं होतं.

अप्पांनी खुंटी फिरवता फिरवता माझ्याकडे बघितलं.

"तरी मी म्हणतो," ते म्हणाले, "पोरगी एवढी शिकलेली, आन एकदाबी जिंकत कशी न्हाई!"