मतीनचे घर आणि पुंजाजींचा कापूस

अमडापुरात विहिरीवरची मोटर जळली की लोक ती मतीनकडे आणतात. तो आतली काळी पडलेली तार उपसून काढतो आणि नवी तांब्याची तार भरून देतो. हे काम त्याला त्याच्या वडिलांनी, निजाममियांनी शिकवले. माझ्या घराची रस्त्याकडची खोली मी त्याला दुकानासाठी दिली होती. रात्री तो तिथेच, मोटरींच्या मधल्या जागेत पथारी टाकी. घरी दोन भाऊ, दोन भावजया आणि त्यांची मुले. मतीनच्या वाट्याला फक्त उंबरठा उरला होता.

एकोणतिसाव्या वर्षी साखरखेर्ड्याच्या राबियाशी त्याचे ठरले. राबिया शिवणकाम करणारी, कमी बोलणारी मुलगी. तिने एकच अट घातली : चूल वेगळी, दार वेगळे. तिची आई नजमुन्निसा मात्र कमी बोलणारी नव्हती.

"घर दिसलं का लग्नाची तारीख," ती म्हणाली. "नाई दिसलं, तर देऊळगावराजाचं एक स्थळ हाये. त्यायचं घर हाये, वरतून संडासही हाये."

मतीनने घर शोधायला सुरुवात केली. कपाशीचे बीटी बियाणे आल्यावर पहिले काही हंगाम चांगले गेले होते आणि तो सगळा पैसा गावाबाहेरच्या प्लॉटांत जाऊन बसला होता. शेतात चुन्याच्या रेघा मारल्या की प्लॉट तयार. ते घेतले मास्तरांनी आणि पुण्यात नोकरी लागलेल्या मुलांनी, म्हणजे ज्यांना इथे राहायचेच नव्हते त्यांनी. पुढे कपाशीवर लाल्या रोग आला, पीक बसले, भाव बसला. प्लॉटचा भाव तेवढा उभाच राहिला. भाड्याचे घर नजमुन्निसाच्या हिशेबात घर नव्हते. मग मतीन बँकेत गेला.

"पगारपत्रक आणलं?" साहेबांनी विचारले.

"साहेब, मोटर जळली का आमचा पगार."

"वर्षाला किती जळतात?"

"ते लाइनवर हाये. व्होल्टेज चांगलं राह्यलं तर आमचा धंदा बसला."

साहेबांनी पुढच्या माणसाला बोलावले.

शेवटी पुंजाजींचे घर निघाले. पुंजाजींनी शेताजवळ नवे घर बांधले होते, म्हणून बाजारगल्लीतले जुने ते विकत होते. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि स्वयंपाकघराला परसात उघडणारे स्वतःचे दार. मतीनने मोटरसायकल विकली, आईने बांगड्या काढून दिल्या, उरलेले पतसंस्थेने दिले. चिखलीला खरेदीखत झाले, दोघांनी तिथेच जिलबी खाल्ली आणि पुंजाजींनी किल्ली मतीनच्या हातात ठेवली.

"आतला कापूस तेवढा राहू दे. भाव आला का काढतो," ते म्हणाले.

"राहू द्या न काका," मतीन म्हणाला.

बाहेरगावच्या माणसाला हे वेडेपण वाटेल. पण आमच्याकडे भाव येईपर्यंत कापूस घरातच राहतो. माणसे ओसरीवर झोपतात, कापसातल्या किडीने अंग खाजवतात आणि कापूस आत झोपतो. कोणाचा कापूस हलवायला सांगणे म्हणजे त्याच्या आजारी आईला खाटेवरून उठवण्यासारखे. मतीनला तेव्हा वाटले, चार-आठ दिवसांचा प्रश्न आहे.

आदल्या वर्षी भाव सात हजारांपर्यंत जाऊन आला होता. या वर्षी तो चारच्या आसपास घोटाळत होता आणि सगळा गाव सातची वाट पाहत बसला होता. मतीन पुंजाजींकडे गेला.

"काका, आज भाव चढला म्हणते."

"हो न बे. चढत्या भावात कोणी इकते काय?"

काही दिवसांनी भाव पडला. मतीन पुन्हा गेला.

"पडल्या भावात इकू? पागल झाला काय बे तू?"

मग भाव एका जागी थांबला.

"थांबला हाये न? म्हणजे आता उडी मारते," पुंजाजी समाधानाने म्हणाले.

त्यांच्या बायकोला, कोकिळाबाईंना मतीनची दया येई. "पोरा, यायनं मले पाहाले आले तवाही असंच केलं. अजून चांगलं स्थळ येते काय म्हून वरीसभर थांबले," त्या म्हणाल्या.

"मग आलं काय?" मतीनने विचारले.

"तुले काय दिसते?"

मतीनला पुंजाजींवर धड रागावताही येत नव्हते. त्याची स्वतःची मजुरी गावभर उधार होती आणि प्रत्येक गिऱ्हाईक "कापूस इकला का देतो" असेच सांगे. त्यामुळे भाव चढावा अशी दुवा तोही करी.

एवढ्यात निरोप आला : शुक्रवारी नजमुन्निसा घर पाहायला येते.

शुक्रवारी मतीनने मलाही नेले. त्याच्या आईला गुडघ्यांमुळे चालवत नव्हते आणि कोणीतरी वडीलधारे हवे होते. मी दारातच थबकले. पुढच्या खोलीच्या मध्यावर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, त्याने दोरीवर फुलाफुलांच्या चादरी ताणून बांधल्या होत्या. अलीकडे दोन खुर्च्या. चादरींना मोठे पोट आले होते.

"काकू, भिंत वाटते न?" त्याने हळूच विचारले.

"सहा महिन्यांची गरोदर भिंत वाटते," मी म्हटले.

नजमुन्निसा मुलाला, सकलैनला, घेऊन आली. कपाळावरचा घाम पुसून तिने वर पाहिले, खाली पाहिले आणि म्हणाली, "खोली लहान हाये."

"मागं मोठी हाये, अम्मी," मतीन म्हणाला. ते खरेच होते.

ती खुर्चीवर बसली आणि दमलेले माणूस टेकते तशी मागे टेकली. दोरी तुटली. खुर्ची मागे गेली, चादरी खाली आल्या आणि वरून पुंजाजींचा कापूस आला. क्षणभर आम्हाला फक्त दोन चपला दिसत होत्या.

सकलैनने पाय धरून आईला ओढून काढले. तिच्या डोक्यावर, भुवयांवर, दातांतही कापूस होता.

"हे काय हाये?" तिने विचारले.

मतीनची बुद्धी तिथे संपली. "गाद्या भराच्या हायेत, अम्मी. लग्नासाठी," तो म्हणाला.

नजमुन्निसाचे माहेर गाद्या-रजया भरणाऱ्यांचे. तिने तोंडातला कापूस काढला, बोटांनी चिवडला आणि आतली सरकी त्याच्या नाकासमोर धरली.

"सरकीवर झोपवतं माह्या राबियाले?"

इतक्यात, कापसावर माणसे चढली अशी बातमी लागून, बाजारात आलेले पुंजाजी धापा टाकत पोचले. मागून कोकिळाबाई.

"माल तुडवला कोणं?"

"माल तुमचा हाये?" नजमुन्निसाने विचारले.

"माहा नाई तं कोनाचा?"

"अन् घर?"

"घर याचं. खरेदी झाली न."

"म्हणजे तुमचा कापूस किरायानं राहून राह्यला याच्या घरात." तिने डोक्यावरून पदर नीट घेतला. "किती देता भाऊ, महिन्याचा किराया?"

पुंजाजी हसले. ती हसली नाही.

"कापसाले किराया? आपा, असं कुठी असते काय?"

"तुम्ही नका देऊ. सकलैन, आतापासून दर शुक्रवारी तू इथं ये अन् याच दारात बस. सगळ्या बजाराले सांग, भाऊच्या कापसाचा किराया मांगाले आलो. आता एका महिन्याचा, मग दोन महिन्यांचा..."

"हो अम्मी," सकलैन म्हणाला. त्याला काम आवडलेले दिसले.

पुंजाजी कापसाकडे बघत राहिले. भाव अजून चढेल याची त्यांना खात्री होती. पण आता किरायाही चढणार होता, आणि त्यात मात्र पडण्याची आशा नव्हती.

"द्या न किराया," कोकिळाबाई म्हणाल्या. "इतके दिवस थांबले, अजून थांबा."

दुसऱ्या दिवशी पुंजाजींनी बैलगाड्या आणल्या. विकला मात्र नाही. तो कापूस नव्या घरात गेला आणि कोकिळाबाई ओसरीवर आल्या.

घर रिकामे झाल्यावर राबिया आईबरोबर पहिल्यांदा ते पाहायला आली. पुढच्या खोलीत चार खाटा टाकल्या की पाचवीला बाहेर जावे लागे, एवढीच ती खोली. भिंतींच्या गिलाव्याचे पोपडे निघाले होते. सरळ स्वयंपाकघरात जाऊन तिने परसाचे दार उघडले, लावले, आतून कडी घातली.

आम्ही बाहेर परसात थांबलो. बराच वेळ झाला तरी ती दार उघडेना. मतीनने दाराला कान लावला.

"पसंत नाई काय हो तिले?" त्याने नजमुन्निसाला विचारले.

"पागल," ती म्हणाली. "तिच्या जिंदगीत पहिल्यांदा तिनं स्वतःचं दार लावलं हाये. लावू दे." आणि तिथेच, परसात उभ्या उभ्या, तिने तारीख सांगितली.