निळ्या पोर्टातलं कुंकू

समस्त लोणारकरांना अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, आमच्या फोटो स्टुडिओतला डेस्कटॉप संगणक अत्यवस्थ आहे. भेटायला येताना केळी आणू नयेत. तो खात नाही.

हे निवेदन मी दुकानाच्या पायरीवर उभं राहून, शेजारच्या टेलरला ऐकू जाईल अशा आवाजात केलं. तो हसला, मीही हसलो. मग आत येऊन संगणकाच्या डब्याला कान लावला. आतली हार्ड डिस्क टकटक करत होती, थंडीत दात वाजावेत तशी.

त्या डिस्कवर पंधरा वर्षांच्या लग्नांचं कच्चं शूटिंग होतं. मिक्सिंग करताना मी मूळ आवाज काढतो आणि गाणी टाकतो. गाणी टाकलेली लग्नं घरोघरी आहेत. कच्चं फक्त माझ्याकडे. आणि त्या कच्च्यात माझ्या बायकोचा आवाज होता. पंधरा वर्षं ती माझ्यासोबत लाइट धरायची. फोटोवाल्याची बायको असून तिचे धड चार फोटो नाहीत, कारण ती कायम लाइटच्या मागे. पण तोंड चालू. नवरीला मान वर करायला सांगायची, मामाला हटवायची, मला अख्ख्या मांडवासमोर झापायची. मिक्सिंगला बसलो की तो आवाज मी सगळ्यांत आधी कापायचो.

गेल्या उन्हाळ्यात ती गेली.

बाहेरची डिस्क समोरच्या निळ्या यूएसबी पोर्टाला लावली, कॉपी सुरू केली. पडद्यावर आलं, दोन दिवस बाकी. टकटक ऐकून मला वाटलं, याच्याकडे दोन दिवस नाहीत. लेकीला फोन केला. ती बुलढाण्याच्या एका कॉलेजात संगणक प्रयोगशाळा सांभाळते. दुपारच्या एसटीनं आली आणि बॅग खाली ठेवायच्या आधी बोलली की वर्षभर काय करत होता. मी म्हणालो, मुहूर्त पाहत होतो. ती हसली नाही.

तिनं कॉपी थांबवून यंत्र बंद केलं, मोबाइलचा उजेड पोर्टात टाकला आणि मला वाकून बघायला लावलं.

निळे पोर्ट म्हणजे वेगवान. आमच्या जुन्या यंत्राला असे दोनच, तेही समोर. दर दसऱ्याला तिची आई कॅमेऱ्याला, लाइटला आणि मग या डब्याला हळदकुंकू लावायची. डब्याचं कपाळ कुठलं, तर तिच्या मते ही दोन निळी भोकं. बोट ओलं करून चांगलं दाबून लावायची. ते आत जाऊन वाळलं होतं. वेगाच्या पिना त्याच्याखाली दबलेल्या, म्हणून कॉपी व्हायची, पण रडतखडत.

"पप्पा, हे काढावं लागन," लेक म्हणाली. "सगळं."

मी विचारलं, एक ठेवून नाही का जमणार? तिनं दुसऱ्यातही उजेड टाकून दाखवला. कोणतं उघडेल याचा भरवसा नव्हता. मी लेन्स पुसायचा ब्रश आणि स्पिरिट काढून दिलं आणि बाहेर पायरीवर जाऊन बसलो. टेलरनं विचारलं, पेशंट कसा आहे? मला एकही विनोद सुचला नाही.

तिनं हाक मारली तेव्हा टेबलावर कापसाचा लालसर बोळा पडला होता. तो मी खिशात घातला. तिनं ते पाहिलं. एकेक फाइल उघडून तपासत बसणारा अँटिव्हायरस तिनं तेवढ्यापुरता बंद केला आणि विचारलं, आधी कोणतं घ्यायचं? मी म्हणालो, शेवटच्या वर्षापासून मागे जा. पडद्यावर दोन दिवसांचे पाच तास झाले.

दिवेलागणीला टकटक थांबली. मला बरं वाटलं, लेकीला नाही. डिस्क संपली होती. अर्धीअधिक लग्नं आली. सुरुवातीची गेली, ज्यांत बायको हातात लाइट आहे हे विसरून नवरदेवाच्या मित्रांवर हसायची आणि सगळा मांडव हलायचा.

आलंय ते नीट आलंय का, म्हणून लेकीनं जानेफळचं एक लग्न लावलं. पडद्याला नाक लावून बसली होती. पांढरा उजेड, धूसर गर्दी, आणि माइकच्या अगदी जवळून आवाज आला, "सरक ना वं पोरी बाजूले, काई दिसून नाही राह्यलं."

लेक खुर्चीसकट बाजूला झाली.

"सरकली ना वं आई."