गुडघ्याची वजावट

"याचं काय कापलंय बघा हो शेठ," असं म्हणत टॅक्सच्या वकिलाने माझं हॉस्पिटलचं बिल मुरबाडच्या गिरणीवाल्या शेठच्या हातात दिलं. मी समोर उभी होते. बाकावर जागा होती. मला बस म्हटलं नव्हतं.

शेठने बिल वाचलं. मग मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"आता तुला रे म्हनू का गो म्हनू?"

ऑफिसातले सगळे हसले.

माझा धंदा गवताचा. डोळखांबकडच्या माळांवर दुसऱ्यांचं गवत कापत मी वाढले. डोक्यावर भारे वाहिले. मग भारे विकत घेऊ लागले, आटगावला वखार टाकली, गासड्या बांधायचं यंत्र घेतलं, टेम्पो घेतला. मुंबईचे तबेलेवाले माझ्याशी भाव करताना घाम पुसायचे. तेव्हा मी शर्ट-पँटीत होते आणि सगळ्यांचा भाऊ होते. आत मी कधीच कुणाचा भाऊ नव्हते. टेम्पो विकला आणि ऑपरेशन करून घेतलं. साडी नेसून वखारीत बसले. हमाल दोन दिवस आलेच नाहीत. मग मजुरी मागायला आले.

शहापूरच्या त्या वकिलाकडे माझा टॅक्स भरला जायचा. मला एवढंच विचारायचं होतं, या खर्चाची वजावट मिळेल का. विचारायला कारण होतं. आदल्या वर्षी त्याने शेठच्या गुडघ्याचं ऑपरेशन गिरणीच्या दुरुस्तीत दाखवलं होतं. पट्टा, चाळणी, मोटार आणि शेठचा गुडघा. तेव्हाही सगळे हसले होते. मीही हसले होते. तेव्हा मला खुर्ची मिळायची.

"वकीलसाहेब, शेठचा गुडघा बसतो, मग माझं का नाय?"

"गुडघ्याची गरज असते. तुझा शौक. उद्या नाकात मोरणी घालशील, तीही सरकारने द्यायची का?"

मग त्याचा आवाज खाली आला. आवाज खाली आला की माणूस भाव सांगणार, हे मला धंद्याने शिकवलंय. कर्करोगाच्या उपचाराला वजावट आहे, तो म्हणाला. डॉक्टर ओळखीचा आहे, दाखला देईल. टॅक्स वाचेल त्यातला अर्धा वकिलाचा.

"चौथा हिस्सा," मी म्हटलं. आपोआपच तोंडून गेलं.

"तिसरा."

"चौथा. नायतर ही चालले."

तो कबूल झाला. मी जिंकले होते. त्याने कागद ओढला.

"मग नाव जुनंच. पुरुष. सहीला शर्ट-पँट घालून यायचं. कोणी विचारलं तर सांगायचं, सडलं होतं म्हणून कापलं."

"साहेब, भोपळा सडला म्हनून लिवा," शेठ म्हणाला.

पुन्हा हसू.

तेव्हा कळलं मी काय विकायला काढलंय. जन्मात एकच गोष्ट मी भाव न करता घेतली होती. डॉक्टरने सांगितलेला आकडा तसाच मोजला. कमी करा, असं म्हटलं नाही. आणि आता तीच गोष्ट सडका रोग म्हणून विकत होते. वर भाव पाडल्याचा मला आनंद झाला होता.

मी बिल शेठच्या हातातून हिसकावलं. कोपरा फाटून त्याच्या बोटांत राहिला.

"लिंगबदल लिवा. झालं तसं."

"नामंजूर होईल."

"होऊ दे. पण माझं नामंजूर होऊ दे. सडक्या पुरुषाचं मंजूर नको मला."

"चल, बाहेर हो," वकील म्हणाला. "इथे माणसं बसायची आहेत."

उन्हाळ्यात शेठच्या म्हशींचा चारा संपला. तो स्वतः वखारीत आला.

"गवत दे गो," म्हणाला. किती सहज. किती गोड. हमाल माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मला बरं वाटायला हवं होतं. पण माल ओळखता येतो मला. तो 'गो' गवतापुरता होता. मी दीडपट दर सांगितला. त्याने मुकाट्याने दिला. गाडीत चढताना ड्रायव्हरला म्हणाला, "एक पैसा सोडत नाय हा."

मी ऐकलं.

त्या वर्षी मी फॉर्म स्वतः भरला. बाई म्हणून. खरं कारण लिहून वजावट मागितली आणि टॅक्स पुरा भरला. वजावट नामंजूर झाली. औषधं जन्मभराची आहेत, खर्च दरवर्षी होतो. म्हणून दरवर्षी मागते. दरवर्षी नामंजूर, पण बाईच्या नावाने.

घासाघीस करून जगलेली बाई आहे मी. इथे घासाघीस नाही. टॅक्स पुरा भरीन, कारण खरं लिहीन आणि नकार लेखी घेईन. तुमच्या तोंडातला 'गो' मला फुकट दिला तरी नको.